विमान कंपन्यांची बिझनेस कार्डं : जॉइनिंग बोनसमागचा इतिहास आणि नागपूरचा हिशोब

इतवारीतले ठोक व्यापारी असोत की बुटीबोरी-हिंगण्याचे कारखानदार, मुंबई-दिल्लीला वरचेवर जाणाऱ्यांना बँकेचा फोन ठरलेला असतो : आमचं विमान कंपनीचं बिझनेस कार्ड घ्या, वार्षिक फी भरा, पहिल्या काही महिन्यांत अमुक खर्च करा, आणि जॉइनिंग बोनस म्हणून पॉइंट किंवा थेट तिकीट मिळवा. ही ऑफर जोखायची तर पॉइंट ही चीज आली कुठून आणि तिचा भाव कोण ठरवतं, हे आधी समजून घ्यावं लागतं.

अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्यांत भाड्याची लढाई सुरू झाली. गिऱ्हाईक बांधून ठेवायला अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी उडालेले मैल खात्यात जमवून त्यांवर फुकट तिकीट देणारी योजना आणली (आजचे पॉइंट म्हणजे हेच मैल), आणि युनायटेडने काही दिवसांतच तिची री ओढली. तोवर मैल मिळायचे ते मुख्यतः विमानात बसल्यावर. १९८७ मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्ससोबत कार्ड काढलं आणि किराणा भरूनही मैल मिळायला लागले. विमान कंपनी मैल छापते, बँक ते ठोकात विकत घेते आणि कार्डधारकाला वाटते, अशी ही साखळी तयार झाली.

बँकेकडे त्यासाठी पैसा येतो दुकानदाराकडून. कार्ड घासलं की बिलातून काही टक्के कापले जातात, आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. धंद्याचा खर्च घरखर्चाच्या कितीतरी पट, म्हणून बिझनेस कार्डाचं गिऱ्हाईक बँकेला जास्त हवंहवंसं असतं. अमेरिकेत पन्नास हजार, कधी लाखभर पॉइंटांचे बोनस याच पैशावर उभे आहेत. तिथले व्हिडिओ बघून आपल्याकडच्या बोनसला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आपल्याकडे जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला शुल्कच नाही. सीताबर्डीपासून कळमन्यापर्यंत क्यूआर कोड लागले. क्रेडिट कार्डावर मात्र शुल्क आहे, म्हणून कार्ड पुढे केलं की कित्येक व्यापारी 'दोन टक्के वर लागतील' म्हणतात. हे दोन टक्के देऊन मिळवलेला पॉइंट बहुतेक वेळा महागच पडतो.

या योजना किती मोठ्या झाल्या, ते करोनाने दाखवलं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभारलं. २०२४ मध्ये डेल्टाला अमेरिकन एक्सप्रेसकडून ७.४ अब्ज डॉलर मिळाले. आता एका खुर्चीला किती मैल लागतील, हे ठरवण्याचा अधिकार मैल विकणाऱ्या कंपनीकडेच आहे. पूर्वी त्याचा छापील तक्ता असायचा. डेल्टाने तो २०१५ मध्ये काढला, युनायटेडने २०१९ मध्ये.

भारतातला अनुभव याहून कडू. १९५३ ते १९९४ नियमित प्रवासी सेवा कायद्यानेच सरकारी कंपन्यांच्या हाती होती. खासगी कंपन्या आल्या तशा पॉइंटांच्या योजना आल्या, मागोमाग कार्डं आली. किंगफिशर २०१२ मध्ये बसली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने इंटरमाइल्स या नावाने टिकली, पण ज्या विमानासाठी लोकांनी मैल साठवले ते उडत नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब या योजनेत गेले. ॲक्सिस बँकेचं विस्तारा कार्ड फी भरली की एक तिकीट द्यायचं. हा सरळ आणि समजायला सोपा बोनस होता, आणि तोही विस्तारासोबत गेला. म्हणून बोनस मिळाला की वर्षभरात वापरून टाकावा, असं माझं ठाम मत आहे.

नागपूरकराला आणखी एक गोष्ट बघावी लागते. आपल्या सोनेगाव विमानतळावरून सर्वाधिक उड्डाणं इंडिगोची. दिल्ली-मुंबईच्या माणसाला जे कार्ड सोन्यासारखं, त्याचे पॉइंट आपल्याला वापरायला मिळतीलच असं नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की मुंबईचं भाडं चढतं. छापील तक्त्याच्या काळात अशाच दिवसांत मैल खरे कामी यायचे : रोखीचं तिकीट कितीही महागो, मैल तेवढेच लागायचे. भाड्यासोबत पॉइंटही वाढू लागले तेव्हा हा फायदा संपला.

हिशोब असा करावा. समजा, तिकीट ६,५०० रुपयांना आहे. तेच १०,००० पॉइंट आणि ९०० रुपये करापोटी देऊन मिळतं. म्हणजे १०,००० पॉइंटांनी ५,६०० रुपये वाचवले, एक पॉइंट ५६ पैशांचा. बोनस ८,००० पॉइंटांचा असेल तर त्याची किंमत ४,४८० रुपये. कार्डाची फी ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,९००. धंद्यासाठीच्या कार्डावर ९०० रुपयांचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळालं तरी बोनस फीपेक्षा ५२० रुपयांनी कमीच पडतो. आणि पॉइंट नसते तर तुम्ही दुरांतोने रात्रीतून मुंबईला गेला असता, तर वाचलेली रक्कम गाडीच्या भाड्याएवढीच धरायला हवी. कार्डासोबत मिळणाऱ्या विमानतळावरच्या लाउंजचंही तसंच : वर्षातून जितक्यांदा खरोखर बसाल तितकंच मोजावं, त्यातही आता बऱ्याच बँका आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च झाला असेल तरच आत सोडतात.

बोनससाठीचा खर्च कशाने भरून निघतो, हे अर्ज करण्याआधी लेखी बघावं. जागेचं भाडं, इंधन, सरकारी कर यांवर अनेक बँका पॉइंट देत नाहीत. पुरवठादार कार्ड घेत नसेल तर मधल्या कंपनीमार्फत कार्डाने त्याचं बिल चुकवण्याच्या एका पद्धतीला रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये लगाम घातला. आणि उधारी एक महिना जरी फिरवली, तरी व्याज सगळा बोनस खाऊन टाकतं. कार्डाच्या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला आहे.