गळाला लागलेला वाकडा मासा

पाण्यातून वर ओढलेला एखादा मासा बघताक्षणी खटकतो. पाठ मध्येच खचलेली, शेपटीजवळ कणा नागमोडी वळलेला, वरचा जबडा इतका आखूड की चेहरा बसका दिसावा, नाहीतर ओठावर चामखिळीसारखी गाठ. बघणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'प्रदूषण'. कधीकधी तो बरोबरही असतो. पण एकाच माशावरून तो निकाल देणं म्हणजे एक माणूस लंगडताना दिसला म्हणून विहिरीच्या पाण्याला दोष देण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गळाला लागतो तो जगलेला मासा. अनेक जातींचे मासे हजारोंनी अंडी घालतात. ज्या पिल्लाला नीट पोहता येत नाही, ते लवकरच कुणाच्या तरी पोटात जातं. मत्स्यबीज केंद्रांत दोन डोक्यांची पिल्लं अधूनमधून निपजतात. अंड्यातून सोबत आणलेली पीतकाची शिदोरी संपली की ती बहुतेक मरतात. म्हणून दोन डोक्यांचा भलामोठा मासा गळाला लागल्याचा फोटो कुणी दाखवला, तर आधी माशाला नव्हे, फोटोला तपासावं. आपल्यापर्यंत पोचतात ती व्यंगं सोसण्याजोगी असतात, किंवा मासा मोठा झाल्यावर आलेली असतात.

मोठेपणी आलेल्यांत जखमा पुष्कळ. पकडून सोडून देण्याची पद्धत जिथे आहे तिथे एकच मासा अनेकदा गळाला लागतो, आणि गळ काढताना ओठाची कड किंवा जबड्याचं हाड फाटतं. बगळ्याच्या चोचीतून निसटलेल्या माशाच्या पाठीवर खाच राहते. पाहणीसाठी पाण्यात वीज सोडून मासे गुंगवतात, त्यात स्नायू इतक्या जोरात आखडतात की काही माशांचे मणके मोडतात. पुढे ते वेडेवाकडे जुळून येतात. जुनी जखम ओळखायची एक सुंदर खूण खवल्यांत आहे. मूळ खवल्यावर अगदी मधोमधपासून बारीक वर्तुळं असतात. गळून पडलेल्या खवल्याच्या जागी नवा येतो तो घाईने वाढतो, त्यामुळे त्याचा मधला भाग कोरा राहतो. साध्या भिंगाखालीही हा फरक बहुधा कळतो.

जन्मापासूनच्या वाकडेपणाची कारणं मात्र गुंतागुंतीची. अंडी उबत असताना पाणी नको तितकं तापलं तर मणके नीट घडत नाहीत, काही एकमेकांना चिकटतात आणि मासा आखूड, जाडसर होतो. बहुतेक हाडाळ माशांना आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. ते खाद्यात कमी पडलं तर हाडांना बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन कच्चं राहतं आणि वाढत्या माशाचा कणा वाकतो. संवर्धनाच्या तळ्यांत हा अनुभव जुना आहे, आणि अशा तळ्यातले मासे नदीत सोडले की ते व्यंगही नदीत येतं. आणखी एक कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल: पाण्यावरचा तेलाचा तवंग. बऱ्याच जातींच्या पिल्लांना आयुष्याच्या सुरुवातीला पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घ्यावा लागतो. त्याच हवेने पोटातली वायुपिशवी पहिल्यांदा फुगते. वर तेलकट थर असेल तर तो घोट चुकतो. मग पिल्लाला बुडू नये म्हणून डोकं वर करून सतत शेपूट मारत राहावं लागतं, आणि या धडपडीत त्याचा कोवळा कणा खाली वाकतो.

रोगांमध्ये ट्राउट माशांच्या भोवळ रोगाची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीत ब्रुनो होफर यांनी 1903 साली त्याच्या परजीवीचं वर्णन केलं. हा सूक्ष्म जीव पिल्लाची कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेला लवचीक भाग, खातो. आजारी पिल्लू स्वतःच्या शेपटीमागे गोल गोल फिरतं, शेपटी काळी पडते, आणि वाचलंच तर कवटी चेपलेली, जबडा आखूड आणि पाठ वाकडी राहते. मात्र एका माशाकडून दुसऱ्याला हा रोग द्यायचे प्रयोग केले की ते फसायचे. परजीवीचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली बीजं, चिखलात काही महिने मुरले तरच लागण व्हायची, आणि हे 'मुरणं' म्हणजे नेमकं काय ते कळेना. 1984 मध्ये केन वूल्फ आणि मारिया मार्कीव यांनी उत्तर दिलं. चिखलातला ट्युबिफेक्स नावाचा बारीक कृमी ते बीजाणू गिळतो, त्याच्या आतड्यात परजीवी पूर्ण वेगळं रूप घेतो, आणि त्या रूपात बाहेर पडून माशाच्या कातडीत शिरतो. गंमत अशी, की कृमीतल्या रूपांना तोवर शास्त्रज्ञ एका स्वतंत्र वर्गातले प्राणी मानत होते. एकाच जीवाला दोन घरांत दोन नावं होती! अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मॅडिसन नदीत 1990च्या दशकात रेनबो ट्राउटची संख्या याच रोगाने कोसळली. हा परजीवी चिखलातून फिरतो, म्हणून एका नदीतून दुसरीकडे जाताना बूट आणि जाळी धुऊन वाळवायला सांगतात.

गाठी आणि चामखिळी पुष्कळदा विषाणूंच्या. लिम्फोसिस्टिस या रोगात कातडीतली एकेक पेशी इतकी फुगते की नुसत्या डोळ्यांना दाण्यासारखी दिसते. उत्तर अमेरिकेतल्या वॉलआय माशाच्या अंगावरच्या गाठी एका रेट्रोव्हायरसमुळे शरद ऋतूत येतात आणि वसंतात आपोआप गळून पडतात. पण अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ब्लॅक नदीच्या तळाशी राहणाऱ्या तपकिरी बुलहेड माशांना यकृताचा कर्करोग व्हायचा, तो दगडी कोळशापासून कोक बनवणाऱ्या भट्टीतून गाळात साठलेल्या रसायनांमुळे. भट्टी 1983 मध्ये बंद झाली आणि त्याचं प्रमाण घटलं.

असा मासा खावा का, हा प्रश्न हमखास येतो. भोवळ रोग माणसाला होत नाही आणि वाकड्या कण्याने मांस बिघडत नाही. उघडे व्रण किंवा गाठी असलेला मासा मात्र टाकून द्यावा. खरी पंचाईत उलट बाजूची आहे. पारा साठलेला मासा दिसायला अगदी धडधाकट असतो.

हीच गोष्ट उत्तर कॅरोलिनातल्या बेल्यूज तलावात दिसली, आणि तिथे किंमत सगळ्या तलावाने मोजली. 1974 पासून कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातलं पाणी त्यात येत होतं. त्यात सेलेनियम नावाचं मूलद्रव्य होतं, तलावाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 10 मायक्रोग्रॅम. चाखून कळणार नाही इतकं ते कमी, पण शेवाळ, किडे, मासे अशा साखळीत चढत जाणारं. सेलेनियम जीवांना थोडं लागतंच. जास्त झालं की ते प्रथिनांत गंधकाची जागा बळकावतं. मादी ते अंड्यांच्या पीतकात उतरवते. तिला स्वतःला फारसं काही झालेलं दिसत नाही. ती गळाला लागली असती तर कुणी दुसऱ्यांदा वळूनही पाहिलं नसतं. पीतक पचवताना पिल्लू वाकतं: कणा, डोकं, तोंड, पर, सगळंच. तलावातल्या 20 जातींपैकी 19 नाहीशा झाल्या. मोठे मासे म्हातारे होऊन संपत गेले आणि त्यांच्या मागे कुणी आलंच नाही.

म्हणून शास्त्रज्ञ वाकड्या माशापेक्षा 'कितीपैकी किती' हे विचारतात, आणि तेही पिल्लांमध्ये. शंभरांत एखादं असेल तर ते निसर्गाचं नेहमीचं चुकणं असू शकतं. आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेला, आणि सगळ्यांचं व्यंगही एकाच घाटाचं असलं, तर कारण पाण्यात शोधावं लागतं. गळ टाकणाऱ्यानेही वाकड्या माशाच्या फोटोसोबत त्या दिवशी सरळ मासे किती लागले हे टिपून ठेवलं, तर त्या फोटोला अर्थ येतो.

बेल्यूजमध्ये राखेचं पाणी 1985च्या अखेरीस थांबवलं. त्यानंतर दहा वर्षं उलटल्यावर, 1996 मध्येही तिथल्या गाळात सेलेनियम होतं आणि पिल्लांमध्ये काही वाकडी निघत होती.