जुन्या दुखापतीसाठी एक तारका

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाची तपासणी जगभर ज्या पद्धतीने होते, तिची साधने अगदी साधी आहेत: कापसाचा पुंजका, एक सेफ्टी पिन आणि तपासणाऱ्याचे हात. आधी रुग्णाच्या गालावर टोचून ‘टोचणे’ कसे लागते याची खूण पटवून दिली जाते. मग डोळे मिटलेल्या रुग्णाच्या शरीरावर प्रत्येक बाजूच्या २८ ठरलेल्या बिंदूंपाशी हलक्या स्पर्शाला आणि टोचणीला ० ते २ गुण दिले जातात, तर हातापायांतील प्रत्येक बाजूच्या १० प्रमुख स्नायूंच्या ताकदीला ० ते ५. या गुणांवरून इजेची पातळी (मज्जारज्जूच्या कोणत्या खंडापर्यंत सगळे ठीक आहे ते) आणि ‘ए’ (पूर्ण इजा) ते ‘ई’ (सर्व सामान्य) यांपैकी एक श्रेणी ठरते. ही मानके अमेरिकन स्पायनल इंजुरी असोसिएशनने १९८२ साली प्रथम प्रसिद्ध केली.

अडचण अशी की, स्नायू किती कमजोर आहे हे गुण सांगतात. का कमजोर आहे हे सांगत नाहीत.

समजा, आंब्याच्या झाडावरून पडलेल्या एका माणसाच्या मज्जारज्जूला छातीच्या दहाव्या खंडाखाली इजा झाली आहे. गुदद्वारापाशी संवेदना शिल्लक आहे, म्हणजे इजा पूर्ण नाही, आणि पायांच्या १० प्रमुख स्नायूंपैकी चार स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हलतात, म्हणजे त्यांना ३ किंवा अधिक गुण आहेत. निम्म्यापेक्षा कमी स्नायूंत अशी ताकद असल्याने त्याची श्रेणी ‘सी’. मात्र काही वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या दंडाची कंडरा फाटली होती आणि तेव्हापासून तो कोपर वाकवू शकत असला, तरी त्यावर थोडाही भार पेलत नाही. कोपर वाकवणारा स्नायू मानेच्या पाचव्या खंडाचा. त्याला मिळाले ३ गुण. नियम असा की, पातळी खाली सरकायची तर वरचे सगळे स्नायू पूर्ण ५ गुणांचे हवेत. त्यामुळे नुसते आकडे वाचणाऱ्याला इजा मानेच्या पाचव्या खंडाशी दिसेल. एवढ्यावरच हे थांबत नाही. आता ‘पातळीखालचे’ स्नायू १८ होतात. त्यांत हातांचे आठ धडधाकट स्नायू आले, पायांचे चार आले, म्हणजे १८ पैकी १२. निम्म्याहून अधिक! श्रेणी ‘सी’ची ‘डी’ झाली. एकाच रुग्णाची इजा कागदावर एकीकडे खूप वर सरकली आणि दुसरीकडे सौम्यही ठरली. चालता येण्याची शक्यता रुग्णाला सांगताना किंवा नव्या उपचाराच्या चाचणीत त्याला घेताना हीच श्रेणी पाहिली जाते, म्हणून मला ही चूक अतिशय गंभीर वाटते.

पूर्वी अशा स्नायूपुढे तारांकित ५ लिहिण्याची मुभा होती. त्यात मोजलेली खरी ताकद नोंदीतून पुसली जाई आणि संवेदनेसाठी तर तशी सोयच नव्हती. २०१९ च्या सुधारणेने हा दोष दूर केला. आता प्रत्यक्ष मिळालेले ३ गुणच लिहायचे, त्यांपुढे तारका द्यायची आणि कारण टिपणीच्या चौकटीत नोंदवायचे. तारका इजेच्या पातळीच्या वर असेल, तर वर्गीकरणापुरता तो गुण सामान्य धरला जातो आणि त्या गृहीतकामुळे बदललेल्या निष्कर्षापुढेही तारका येते. मोजमाप आणि तपासणाऱ्याचा तर्क अशा रीतीने एकमेकांत मिसळत नाहीत. पुढच्या डॉक्टरला दोन्ही वेगळे वाचता येतात.

पातळीच्या खाली मात्र असे गृहीत धरणे सहसा योग्य नसते. मधुमेहाने तळपाय आधीच बधिर झालेल्या रुग्णाला छातीच्या पातळीवर इजा झाली, तर त्या पायांतील बधिरपणात मज्जारज्जूचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. तारका लावली तरी तो गुण कमीच धरला जातो. तोच रुग्ण पुढे पूर्ण बरा झाला आणि फक्त तळपायांची जुनी बधिरता उरली, तर तारकेमुळे त्याला ‘ई’ श्रेणी मिळू शकते. तारका नसती तर मधुमेहाची ती खूण त्याच्या मज्जारज्जूच्या नावावर कायम राहिली असती.