व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्ट (१८७८)

देशी भाषांतील वृत्तपत्रांवर अंकुश ठेवण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारने १४ मार्च १८७८ रोजी एकाच बैठकीत संमत केलेला कायदा. विरोधकांनी त्याला ‘मुस्कटदाबीचा कायदा’ म्हटले. दुष्काळाच्या काळातील देशी पत्रांची टीका सरकारला खुपत होती. मसुद्याला १८७०च्या आयरिश कायद्याचा आधार होता. इंग्रजी पत्रे मात्र मोकळी राहिली. मद्रास इलाख्यात कायदा लागू झाला नाही. मुंबई इलाख्यात होता.

बोजा संपादकावर नव्हे, तर मुद्रक व प्रकाशकावर होता. १८६७च्या कायद्यानुसार मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र त्यांचेच असे. प्रांतिक सरकारच्या पूर्वसंमतीने मॅजिस्ट्रेट त्यांच्याकडून जातमुचलका (लेखी हमी) व अनामत मागू शके. अटी मोडल्यास अनामत, छपाईयंत्र आणि खिळे (छपाईचे टंक) जप्त होत. न्यायालयात दाद मागता येत नसे. छपाईपूर्वी मुद्रिते (प्रुफे) अधिकाऱ्याला दाखवल्यास मुचलक्यातून सूट होती. ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री क्रॅनब्रुक यांच्या आग्रहावरून हे कलम त्याच वर्षी गळाले. छापखाना गमावण्याच्या धास्तीने मुद्रकच लेख नाकारी, ही कायद्याची खरी धार होय.

बंगालमधील ‘अमृत बझार पत्रिका’ कायद्यातून सुटण्यासाठी एका रात्रीत इंग्रजी झाली, असे बहुतेक ग्रंथ सांगतात. मार्च १८७८मधील बदल निश्चित आहे. परंतु पत्रिकेत इंग्रजी मजकूर आधीपासून येत असे, म्हणजे इंग्रजी खिळे आणि ते जुळवणारे जुळारी छापखान्यात होतेच. त्यामुळे ‘एका रात्रीत’ हे वर्णन जपून घ्यावे. बंगाली ‘सोमप्रकाश’ला मुचलका मागितला गेला आणि ते काही काळ बंद पडले.

अंकुशाबरोबर आमिषही होते: पत्रांना सरकारी बातम्या पुरवण्यासाठी रोपर लेथब्रिज यांना प्रेस कमिशनर नेमण्यात आले.

२३ जुलै १८७८ रोजी लिबरल नेते ग्लॅडस्टन यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये कायद्याविरुद्ध ठराव मांडला. तो १५२ विरुद्ध २०८ मतांनी फेटाळला गेला. १८८०मध्ये ब्रिटनमध्ये सत्तांतर होऊन रिपन व्हाइसरॉय झाले. कायदा रद्द झाल्याचे वर्ष १८८१ व १८८२ असे दोन्ही आढळते. विधेयक १८८१च्या अखेरीस आले आणि रद्द करणारा कायदा १८८२चा, म्हणून १८८२ हेच ग्राह्य मानावे. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला, तेव्हा हा कायदा रद्द झालेला नव्हता. १८७०मध्ये दंडसंहितेत घातलेले राजद्रोहाचे कलम १२४अ मात्र राहिले. त्याच कलमाखाली १८९७मध्ये टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.