तारखेत महिना मिळवताना: स्प्रेडशीटमधल्या दिनगणनेची पार्श्वभूमी

स्प्रेडशीटच्या एखाद्या सेलमध्ये १ जानेवारी २०२४ टाइप करा आणि त्या सेलचं फॉरमॅट बदलून साधा आकडा करा. तारीख जाऊन तिथे ४५२९२ दिसेल. साठवलेला असतो तो हाच आकडा. तारीख फक्त दाखवण्यापुरती. म्हणूनच त्यात ३० मिळवले की ३१ जानेवारी येते आणि एका तारखेतून दुसरी वजा केली की मधले दिवस हाती लागतात. कुठला महिना किती दिवसांचा, लीप वर्ष आहे की नाही, याची फिकीर करावी लागत नाही. भानगडी सुरू होतात त्या महिने आणि वर्षं मिळवायला गेल्यावर.

दिवसांना सलग क्रमांक द्यायची युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची. भारतीय ग्रहगणितात आधी अहर्गण काढतात, म्हणजे कलियुगारंभासारख्या ठरलेल्या क्षणापासून उलटलेले दिवस. युरोपात जोसेफ स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ मध्ये इ.स.पू. ४७१३ पासून सुरू होणारा ज्युलियन कालखंड मांडला, आणि एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने त्याच आरंभापासून सलग दिवस मोजायचा आग्रह धरला. दोन्हीकडे गरज एकच होती: दोन घटनांमधलं अंतर काढायचं, तेही पंचांगाच्या गुंतागुंतीत न अडकता.

लोटस १-२-३ हे स्प्रेडशीट जानेवारी १९८३ मध्ये बाजारात आलं. त्याने १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला आणि सोबत एक चूकही आणली. ग्रेगोरियन नियमानुसार शतकी वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष. त्यामुळे १९०० हे लीप वर्ष नाही. लोटसने मात्र ते तसं मानलं, आणि ६० हा क्रमांक २९ फेब्रुवारी १९०० या कधीच न उगवलेल्या दिवसाला मिळाला. दर चौथं वर्ष लीप एवढाच नियम ठेवला की गणित सोपं होतं, आणि व्यवहारातल्या जवळजवळ कुठल्याच तारखेला त्याचा धक्का लागत नाही.

मायक्रोसॉफ्टला लोटसचं गिऱ्हाईक हवं होतं. लोटसमधल्या फायली एक्सेलमध्ये उघडल्यावर तारखा एका दिवसाने सरकल्या असत्या तर ते परवडलं नसतं, म्हणून ती चूक जाणूनबुजून तशीच उचलली गेली. एक्सेलला विचारलं, तर १ जानेवारी १९०० ला रविवार होता असं ते आजही सांगतं. प्रत्यक्षात तो सोमवार होता. आता दुरुस्ती करायची म्हटलं तर जगभरच्या शीटमधल्या बहुतेक तारखा एकेक दिवस हलतील. मला विचाराल तर न हलवण्यातच शहाणपण आहे. लिबरऑफिस आणि गूगल शीट्स यांनी वेगळी वाट काढली: शून्य क्रमांक ३० डिसेंबर १८९९ ला दिला. त्यामुळे खोटा दिवस टळतो आणि १ मार्च १९०० पासून पुढचे सगळे क्रमांक एक्सेलशी जुळतात.

मॅकवर सुरुवातीला वेगळीच तऱ्हा होती. एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकवरच आलं आणि त्या यंत्राचं घड्याळ १ जानेवारी १९०४ पासून वेळ मोजायचं. तिथे शून्य दिवस तोच ठरला. दोन्ही पद्धतींत १४६२ दिवसांचा फरक आहे. एका पद्धतीच्या शीटमधली तारीख दुसऱ्या पद्धतीच्या शीटमध्ये चिकटवली की ती चार वर्षं आणि एक दिवस इकडेतिकडे उडी मारते, ती यामुळे.

आता महिना. दिवसांच्या क्रमांकात महिना नावाचं एककच नाही. तो २८ ते ३१ दिवसांत कितीही असतो. सुरुवातीचा उपाय म्हणजे तारखेचे वर्ष, महिना, दिवस असे तुकडे करायचे, महिन्यात एक मिळवायचा आणि ‘डेट’ फंक्शनने परत जोडायचे. ३१ जानेवारी २०२३ वर हा प्रयोग केला की ३१ फेब्रुवारी तयार होते आणि स्प्रेडशीट मुकाट्याने ३ मार्च दाखवतं. ‘ईडेट’ हे फंक्शन त्याऐवजी महिनाअखेरीला थांबतं आणि २८ फेब्रुवारी देतं. पण त्यातून एक महिना वजा केला की २८ जानेवारी येते, ३१ नाही. हप्त्यांच्या तारखा काढताना म्हणूनच मागच्या हप्त्यात महिना मिळवत जाऊ नये. दरवेळी मूळ तारखेतच एक, दोन, तीन महिने मिळवावेत. ‘ईडेट’ एक्सेलमध्ये २००३ च्या आवृत्तीपर्यंत वेगळ्या ॲड-इनमध्ये, म्हणजे नंतर जोडून घ्यायच्या पुरवणीत होतं, २००७ पासून ते मूळ प्रोग्राममध्ये आलं. जुन्या फायलींत तुकडे-जोडीचे लांबलचक फॉर्म्युले सापडतात ते त्यामुळेच.

वय किंवा नोकरीचा काळ काढायला वापरलं जाणारं ‘डेटडिफ’ हेही लोटसशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेलं. उरलेले दिवस देणारा त्याचा ‘एमडी’ हा पर्याय कधीकधी उणे किंवा चुकीचं उत्तर देतो, असा इशारा खुद्द मायक्रोसॉफ्टच देतं. कर्जरोख्यांच्या जगाने तर महिन्याचा प्रश्नच मोडीत काढला: प्रत्येक महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० चं. ‘डेज३६०’ हे फंक्शन त्याच रिवाजासाठी आहे, त्यातही अमेरिकी आणि युरोपीय नियम वेगळे.

तास-मिनिटं याच क्रमांकाच्या दशांशात बसतात, ०.२५ म्हणजे सहा तास. मात्र एक्सेलच्या १९०० पद्धतीत उणे वेळ दाखवता येत नाही, सेलभर ##### उमटतात. १९०४ पद्धतीत ती दिसते, म्हणून कामाच्या तासांचा हिशोब ठेवणारे काहीजण सेटिंगमध्ये तीच पद्धत निवडतात. त्या फायलीत आधीच भरलेल्या तारखा मात्र त्याच क्षणी १४६२ दिवस पुढे जातात.