ढगाची सावली आणि वरचा वारा

रात्री ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्ह लावली की दूरदूरची केंद्रं लागायची आणि सकाळी गायब व्हायची. दिवसा त्या लहरी गिळतो तो आयनांबराचा, म्हणजे विद्युतभारित कण असलेल्या वरच्या हवेचा, सर्वांत खालचा, साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा ‘डी’ थर. सूर्याच्या किरणांनी तिथले इलेक्ट्रॉन सुटे होतात, रेडिओलहरीबरोबर डोलतात आणि हवेच्या रेणूंवर आदळून तिची ऊर्जा घालवतात. सूर्य मावळला की हा थर विरतो.

या उंचीवरचा वारा मोजायचा कसा? फुगे ४० किलोमीटरच्या आसपास थकतात, उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. केरळातल्या थुंब्याहून सुटणारं रॉकेट जातं, पण काही मिनिटांत पार होतं. रोजची खबर हवी तर रेडिओलहरच धाडावी लागते.

भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९२ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीला, चुंबकीय विषुववृत्ताला अगदी लागून, अशा लहरी धाडणारं एक रडार उभारलं. ते १.९८ मेगाहर्ट्झच्या लहरींचे स्पंद वर सोडतं. ८० किलोमीटरवरच्या इलेक्ट्रॉनांकडून क्षीण प्रतिध्वनी परत यायला अर्ध्या मिलिसेकंदाहून जरासाच जास्त वेळ लागतो. त्यावरून उंची कळते. वारा कसा कळतो, ते मला फार सुंदर वाटतं. ढगाची सावली आधी शेजारच्या शेतावर, मग आपल्या विहिरीवर, मग रस्त्यावर येते, आणि त्यावरून ढग कुठे, किती वेगाने चाललाय ते सांगता येतं. इथे सावलीच्या जागी प्रतिध्वनींची नक्षी जमिनीवरून सरकते. एकमेकींपासून अंतर राखून उभ्या केलेल्या अँटेना ती टिपतात.

पण चुंबकीय विषुववृत्तावर एक मोठी अडचण आहे. तिथे चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात, त्यामुळे दिवसा सुमारे १०५ किलोमीटरवर पूर्वेकडे जोरदार विद्युतप्रवाह वाहतो. प्रवाह पूर्वेकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन पश्चिमेकडे. खाली दाट हवेत धडका इतक्या होतात की इलेक्ट्रॉन वाऱ्याबरोबरच फरफटत जातात. ९० किलोमीटरच्या वर मात्र ते वाऱ्याला जुमानेनासे होतात. रडारला दिसतात फक्त इलेक्ट्रॉन. मग मोजलेला वेग वाऱ्याचा की विजेचा?

म्हणूनच कोल्हापूर महत्त्वाचं. १९९९ पासून तिथेही त्याच वारंवारतेचं रडार आहे, आणि तो विद्युतप्रवाह चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तीन अंशांच्या पट्ट्यातच वाहत असल्याने कोल्हापूर त्याच्या बाहेर पडतं. दोन्हीकडच्या दुपारच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की तिरुनेलवेलीच्या आकड्यांत विजेचा वाटा कुठून सुरू होतो ते शोधता येतं.