टक्का कोणाचा धरायचा? कामावर दुखावलेल्या पाठीच्या भरपाईची पार्श्वभूमी

नाशिकजवळच्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांत हे प्रकरण बहुधा एकाच पद्धतीने सुरू होते. क्रेन बंद असते, माल शिफ्ट संपायच्या आत निघायला हवा असतो, म्हणून जड डाय (धातूचा साचा) चौघांनी हातानेच उचलायची ठरते. वाकताना एकाच्या कमरेत चमक भरते. आधी बाम, मग बिनपगारी रजा, मग एमआरआय. डॉक्टर सांगतात, गादी सरकली आहे, नस दाबली जाते आहे. कंपनीचे उत्तर तयार असते: वयोमानाने मणका झिजलाय, त्याला आम्ही काय करणार?

चूक धडधडीत मालकाची आहे, तेव्हा रक्कमही तशीच मिळेल, असे कामगाराला वाटते. कायद्याचे गणित तसे नाही. ते तसे का नाही, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

१८३७ साली इंग्लंडमध्ये एका खाटकाकडच्या पोराने मालकावर दावा लावला. जास्त माल लादलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. ज्युरीने पैसे दिले, वरच्या न्यायाधीशांनी ते काढून घेतले. नोकरी पत्करली म्हणजे तिचे धोकेही पत्करले, सहकाऱ्याच्या चुकीला मालक बांधील नाही, हे तत्त्व या प्रीस्टली विरुद्ध फाउलर खटल्यापासून रुजले. पुढची साठ वर्षे कामगार कोर्टात बहुतेक हरतच राहिला. शेवटी १८९७ मध्ये तडजोड झाली: मालकाचा दोष सिद्ध करायची गरज नाही, पण मिळणारी रक्कम ठरीव. भारतात हीच तडजोड १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आली आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाली. दाव्यांमधली मालकाची ‘सहकाऱ्याची चूक’ ही जुनी ढाल मात्र आपल्याकडे १९३८ च्या कायद्याने मोडली.

म्हणजे हलगर्जीपणा हिशेबातून बाहेर गेला. क्रेन महिनाभर नादुरुस्त ठेवलेला मालक आणि सगळी काळजी घेणारा मालक, दोघांना सूत्र एकच. मला हे नेहमी खटकत आले आहे, पण याची दुसरी बाजूही खरी आहे: दोष सिद्ध करायचा असता तर साक्ष कोणी दिली असती? शेजारच्या मशीनवरच्या माणसालाही तिथेच नोकरी करायची असते. दोषावर बोट ठेवून दिवाणी दावा लावता येतो, मात्र दोन्हींतला एकच रस्ता निवडावा लागतो. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर तोही रस्ता बंद. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ते स्पष्ट केले.

आता पाठ. कायद्याला ‘अपघात’ लागतो. वर्षानुवर्षे गोण्या वाहून झिजलेली कंबर त्यात बसवणे अवघड, आणि व्यवसायजन्य आजारांच्या यादीत पाठदुखी नाही. लासलगावच्या कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्याचे दुखणे यामुळेच कागदावर येत नाही. एका झटक्यात भरलेली चमक मात्र अपघात ठरू शकते. यंत्राचे अडकलेले चाक जोर लावून फिरवताना एका कामगाराला हर्निया झाला, तेव्हा १९०३ मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, तो अपघातच मानला. बाहेरून काही आदळायला हवे असे नाही. पण म्हणूनच त्या दिवशीची नोंद महत्त्वाची. ‘घरीच दुखत होते’ असे सुपरवायझरने लिहून ठेवले तर पुढची दोन वर्षे त्याच वाक्याशी भांडण्यात जातात.

यापुढची अडचण जास्त मोठी. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अवयवांचा तक्ता होता: अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ४०. मणक्याची गादी त्यात नव्हती. अशा दुखापतीत कमाईची क्षमता किती घटली ते डॉक्टरने ठरवायचे, तेही तक्त्यातल्या टक्क्यांचे भान ठेवून. इथेच गल्लत होते. दाखल्यावर लिहिलेले शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोपराच्या वर डावा हात गेलेल्या सुताराच्या खटल्यात (प्रताप नारायण सिंग देव, निकाल १९७५ च्या डिसेंबरातला) सर्वोच्च न्यायालयाने नुकसान शंभर टक्के धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. ऑक्टोबर २०१० च्या राजकुमार निकालाने, तो रस्ता अपघाताचा असला तरी, हाच फरक नीट उलगडून सांगितला. दाखल्यावर २० टक्के असलेला कारकून दुसऱ्या महिन्यात खुर्चीवर परत बसतो. तेवढाच टक्का असलेला हमाल गोणी उचलू शकत नाही.

आकड्यांत पाहू. वय ४०, पगार महिना १८,००० रुपये. ३ जानेवारी २०२० पासून १९२३ च्या कायद्याखाली हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा १५,००० झाली (त्याआधी ८,०००), म्हणून वरचे ३,००० सुटले. १५,००० चे ६० टक्के ९,०००, त्याला वयाचा गुणक १८४.१७, पूर्ण अपंगत्वाला १६,५७,५३० रुपये. क्षमता ३० टक्के घटली असे धरले तर ४,९७,२५९. एकाच एमआरआयवरून दोन डॉक्टर टक्का वेगवेगळा लिहू शकतात, आणि प्रत्येक टक्का साडेसोळा हजारांचा. वकील सगळा जोर तिथेच का लावतात ते यावरून कळेल.

त्या कायद्यात रक्कम महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज होते, विलंबाला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ कंपनीकडे मागता येते, हे त्या कायद्याचे कलम १२ कंत्राटी कामगारांना क्वचितच कोणी सांगते. ईएसआयवाल्यांचे गणित निराळे: तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या ९० टक्के, कायमच्यासाठी वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्क्यानुसार दरमहा पैसे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा आणि ईएसआयचा, हे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. सूत्राचा सांगाडा जवळपास तोच राहिला आहे.