कर्नलचा इव्हेंट आणि युडेव्हचा इव्हेंट

स्क्रिप्ट साधीच असते. डिस्कवर पार्टिशन पाडायचं, त्यावर फाइलसिस्टिम बनवायची आणि 'बाय-यूयूआयडी' फोल्डरमधल्या लिंकवरून (यूयूआयडी म्हणजे त्या फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) ती माउंट करायची. हाताने एकेक कमांड दिली तर कधी अडत नाही. तीच स्क्रिप्टमधून चालवली की दहा वेळा सुरळीत जाते आणि अकराव्या वेळी 'असं डिव्हाइस नाही' म्हणून थांबते. मग कुणीतरी मध्ये 'स्लीप 2', म्हणजे दोन सेकंद थांब, असं टाकतं. मीही टाकलाय, बरेचदा. त्याने दुखणं बरं होत नाही, फक्त लपतं. लिनक्समध्ये 'डिव्हाइस आलं' ही बातमी, म्हणजे इव्हेंट, दोनदा निघते, एकदा कर्नलकडून आणि एकदा डिव्हाइसची व्यवस्था पाहणाऱ्या युडेव्ह या सेवेकडून, आणि आपण दोन्ही एकच समजतो, हे खरं दुखणं.

एका टर्मिनलवर 'युडेव्ह-ॲडम मॉनिटर' लावा आणि पेनड्राइव्ह खोचा. प्रत्येक डिव्हाइससाठी दोन ओळी उमटतात: आधी 'कर्नल' नावाची, मग 'युडेव्ह' नावाची. शेजारी चौकटी कंसात वेळ असते, मायक्रोसेकंदांपर्यंत. या दोन आकड्यांमधल्या फटीत आपली स्क्रिप्ट पडते.

पहिली ओळ कर्नलची. ड्रायव्हरला डिव्हाइस सापडलं, कर्नलने नेटलिंक सॉकेटवर (प्रोग्रॅमांना निरोप द्यायच्या त्याच्या वाटेवर) तसं जाहीर केलं, एवढाच तिचा अर्थ. तोवर '/डेव्ह/एसडीबी' हा नोडही, म्हणजे ते डिव्हाइस उघडायची फाइल, तयार असतो, कारण कर्नलच्या 2.6.32 या आवृत्तीपासून डेव्हटीएमपीएफएस या त्याच्याच फाइलसिस्टिममुळे नोड कर्नलच बनवू शकतो. नोड दिसतो, उघडतोही, म्हणून सगळं झालं असं वाटतं.

दुसरी ओळ येईपर्यंत बरंच काही घडायचं असतं. युडेव्ह ती पहिली बातमी घेतो, नियमांच्या फाइली एकामागून एक चालवतो, डिस्क उघडून तिच्यावरची सही, म्हणजे फाइलसिस्टिमची ओळखखूण, वाचतो, यूयूआयडी आणि लेबल शोधतो, लिंक बनवतो, परवानग्या लावतो, स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि मग तीच बातमी पुन्हा जाहीर करतो. 'बाय-यूयूआयडी'मधली लिंक या कामातून जन्मते. नोड हवा असेल तर पहिली बातमी पुरते, लिंक हवी असेल तर दुसरीच लागते.

डिव्हाइस-मॅपर हा कर्नलचा भाग खऱ्या डिस्कवर आभासी डिस्क रचतो आणि एलव्हीएम हे डिस्कचे भाग सांभाळणारं साधन त्याच्यावर चालतं. तिथे घोटाळा आणखी एक पायरी खोल जातो. 'ॲड' इव्हेंट येतो तेव्हा डिव्हाइसला मेजर-मायनर क्रमांक, म्हणजे कर्नलमधली ओळख, मिळालेला असतो, पण आत चालू असं काहीच नसतं. टेबल, म्हणजे कुठला भाग कुठल्या डिस्कवर आहे याचा नकाशा, भरला तरी तो लगेच लागू होत नाही. डिव्हाइस रिझ्यूम झालं, म्हणजे ते टेबल लागू झालं, की 'चेंज' इव्हेंट येतो आणि वाचण्याजोगं काही असतं ते तिथून पुढे. नेहमीच्या डिस्कची सवय लागलेला माणूस 'ॲड'वर काम सुरू करतो आणि रिकाम्या कवचावर सही शोधत बसतो.

एलव्हीएमने मात्र याची सोय नीट केली आहे. ते एक सेमाफोर, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांसाठी थांबायची खूण, उघडतं आणि त्याचा क्रमांक, ज्याला कुकी म्हणतात, कर्नलमार्फत इव्हेंटसोबत पाठवतं. युडेव्हच्या नियमांत शेवटाकडे 'डीएमसेटअप युडेव्हकंप्लीट' चालतं, सेमाफोर सुटतो आणि तेव्हा कुठे आभासी डिस्क बनवणारी 'एलव्हीक्रिएट' कमांड परत येते. त्यामुळे त्याच्यापुढे स्लीप लावायची गरजच नाही. उलट कंटेनरमध्ये हीच सोय गळ्याशी येते. तिथला आयपीसी नेमस्पेस, म्हणजे अशा खुणा ठेवायची जागा, वेगळा असतो, बाहेरच्या युडेव्हला तो सेमाफोर दिसत नाही आणि कमांड लटकून राहते. अशा वेळी 'डीएमसेटअप युडेव्हकुकीज' देऊन अडकलेल्या कुकी पाहा. 'युडेव्हकंप्लीट_ऑल' सरसकट मारू नका, त्यात दुसऱ्यांच्या चालू कामांच्या कुकीही सुटतात.

बाकीच्या डिस्कसाठी लोक 'युडेव्ह-ॲडम सेटल' लावतात. सेटल तुमच्या डिव्हाइसची वाट पाहत नाही, युडेव्हची रांग रिकामी होण्याची पाहतो. मशीनवर गडबड असेल तर तो इतरांच्या इव्हेंटपायी 120 सेकंदांपर्यंत ताटकळतो. आणि कर्नलची बातमी अजून निघालीच नसेल तर रांग रिकामीच असते, सेटल लगेच परततो आणि तुम्ही निर्धास्तपणे पुढे जाऊन आपटता. युडेव्ह ज्यात येतो त्या सिस्टमडीच्या 2022 मधल्या 251 आवृत्तीपासून 'युडेव्ह-ॲडम वेट' आहे. त्याला डिव्हाइसचं किंवा लिंकचं नाव द्यायचं, तो नेमक्या त्याच्यासाठी थांबतो. मिळत असेल तिथे मी सेटल वापरतच नाही.

अकराव्या वेळच्या अपयशाचं एक कारण मात्र नुसत्या वाट पाहण्याने जात नाही. लिहिण्यासाठी उघडलेली डिस्क तुम्ही बंद केलीत की युडेव्हला ते कळतं आणि तो पार्टिशन टेबल पुन्हा वाचायला लावतो. मॉनिटरवर 'रिमूव्ह' आणि लगेच 'ॲड' अशा ओळी धावतात. नेमकं त्या क्षणी फाइलसिस्टिम बनवायला घेतली तर '/डेव्ह/एसडीबी1' जागेवर नसतं.

इथे कुलूप लागतं. अख्ख्या डिस्कवर 'एफलॉक' घ्या, किंवा 'युडेव्ह-ॲडम लॉक'च्या आत कमांड चालवा. युडेव्ह आधी सामायिक कुलूप मागतो आणि ते मिळालं नाही तर त्या डिस्कचं काम पुढे ढकलतो. कर्नल मात्र या कुलपाकडे पाहत नाही, त्यामुळे नोड आतही मिळतो. म्हणून पार्टिशन पाडणं आणि फाइलसिस्टिम बनवणं ही दोन्ही कामं एकाच कुलपात उरका आणि लिंकची वाट कुलूप सोडल्यावर पाहा. आतच 'वेट' लावलात तर तुम्ही युडेव्हसाठी थांबलेले आणि युडेव्ह तुमच्यासाठी. डिव्हाइस-मॅपरच्या डिव्हाइसवर युडेव्ह हे कुलूप पाळत नाही. तिथे काढताना 'बिझी' आलं तर 'डीएमसेटअप रिमूव्ह'ला 'रीट्राय' जोडा, सही वाचणारा युडेव्ह सहसा तोवर बाहेर पडलेला असतो.